छप्पन्न गुणसूत्रं

लहान मुलाला ल्युकेमिया असल्याची शंका आली की त्याच्या कमरेच्या हाडातून थोडी अस्थिमज्जा काढतात. तिचे वाटे होतात. एक वाटा काचपट्टीवर पसरून पॅथॉलॉजिस्टकडे जातो, एक जांभळ्या टोपणाच्या नळीतून फ्लो सायटोमेट्रीला, आणि एक हिरव्या टोपणाच्या नळीतून आमच्याकडे येतो. हिरव्या नळीत हेपरिन असतं. त्यात मज्जा गोठत नाही आणि पेशी जिवंत राहतात. आम्हाला त्या जिवंतच लागतात. गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात ती फक्त पेशी दुभंगायला निघते तेव्हा. एरवी पेशीच्या केंद्रकात त्यांचा नुसता गुंता असतो.

मी मुंबईत सायटोजेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते. उमेदीची सगळी वर्षं मुलांच्या कर्करोगाच्या पेशींमधली गुणसूत्रं मोजण्यात आणि त्यांच्या जोड्या लावण्यात गेली. हे काम बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. आजारी मुलाचे आईवडील डॉक्टरांना ओळखतात, सिस्टरना ओळखतात, वॉर्डातल्या मामा-मावशींनाही नावानिशी ओळखतात. आमच्यापर्यंत ते सहसा येत नाहीत. पण त्या मुलाला सौम्य केमो पुरेल की कडक लागेल, हे ठरवताना आमचा कागद डॉक्टरांपुढे असतो. त्या कागदावर काय असतं, ते कसं कळतं आणि त्याचा अर्थ काय लावावा, काय लावू नये, हे मुलांच्या घरच्यांना कुणीतरी सावकाश सांगायला हवं असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे.

नळी आली की आधी पेशी मोजायच्या. मग वाढीच्या द्रवात घालून त्या रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या. साध्या रक्ताची गुणसूत्र-तपासणी करताना पेशींना दुभंगायला लावणारं एक द्रव्य घालतात. इथे आम्ही ते घालत नाही, कारण त्याने निरोगी टी-पेशी वाढतात आणि ज्या बघायच्या त्या पेशी मागे पडतात. ल्युकेमियाच्या पेशी आपल्या आपण दुभंगत असतात, तोच तर आजार. सकाळी कोलसेमिड घालायचं. त्याने पेशी विभागणीच्या ऐन मध्यावर, गुणसूत्रं आखडून जाड झालेली असताना, तिथल्या तिथे थांबते. मग पोटॅशियम क्लोराइडच्या विरळ द्रावणात पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात पक्क्या करायच्या, आणि तो गढूळ थेंब ओल्या थंड काचपट्टीवर वरून सोडायचा. थेंब आपटतो, पसरतो, सुकतो आणि पेशी फुटून तिची गुणसूत्रं पांगतात. अशा पांगलेल्या एका पेशीला आम्ही प्लेट म्हणतो.

थेंब किती वेळात सुकतो यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की थेंब सुकता सुकत नाही आणि गुणसूत्रं गरजेपेक्षा जास्त पांगतात. एका पेशीतली दोन-चार निसटून शेजारच्या पेशीत जाऊन पडतात. एसीच्या कोरड्या हवेत उलट होतं. थेंब चटकन सुकतो, गुणसूत्रं एकावर एक चढून बसतात. म्हणून एखाद्या पेशीत एक गुणसूत्र कमी दिसलं तर आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. तेच गुणसूत्र निदान तीन पेशींत कमी दिसायला हवं. जास्तीचं गुणसूत्र दिसलं तर दोन पेशी पुरतात, कारण नसलेलं गुणसूत्र सहसा आकाशातून पडत नाही. असा सारखाच बिघाड असलेल्या पेशींच्या घराण्याला क्लोन म्हणायचं. साधारण २० प्लेटा तपासल्याशिवाय आम्ही रिपोर्टवर सही करत नाही.

काचपट्टी थोडी जुनी झाली की काही सेकंद ट्रिप्सिनमध्ये बुडवून जिम्साने रंगवायची. मग प्रत्येक गुणसूत्रावर फिक्या-गडद आडव्या पट्ट्या उमटतात. लुगड्याच्या काठावरून ते कुठल्या गावच्या मागावरचं हे जाणती बाई ओळखते, तसं पट्ट्यांवरून गुणसूत्र ओळखता येतं. एका गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटला असेल तर काठ मध्येच बदललेला दिसतो.

माझ्या मॅडमनी मला पहिल्यांदा शिकवलं ते पट्ट्या ओळखायला नव्हे, तर कुरूप प्लेटवरून नजर हलवू न द्यायला. ल्युकेमियाच्या पेशीतली गुणसूत्रं आखूड, फुगीर आणि धूसर दिसतात. कडा नीट नसतात, पट्ट्या पुसट असतात. त्याच काचपट्टीवर मुलाच्या निरोगी पेशींच्या प्लेटाही असतात, लांबसडक आणि स्वच्छ. नवा माणूस साहजिकच देखण्या प्लेटा निवडतो, २० च्या २० नॉर्मल येतात आणि आजार नजरेआड होतो. मॅडम म्हणायच्या, "चांगली दिसते ती पोराची स्वतःची पेशी. आपल्याला दुसरी बघायचीय." मी आजही नव्या मुलामुलींना हेच सांगते, आणि जवळजवळ याच शब्दांत.

मी शिकले तेव्हा संगणकावर जोड्या लावायची सोय आमच्याकडे नव्हती. प्लेटचा फोटो काढायचा, डार्करूममध्ये धुवायचा, कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचं आणि कागदावर जोडीने चिकटवायचं. शिकागोच्या जॅनेट राउली यांनीही घरी जेवणाच्या टेबलावर असेच फोटो कापून, जुळवून पाहिले होते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४८ नसून ४६ असतात हे १९५६ साली त्यो आणि लेवान यांनी प्रसिद्ध केलं. पाठोपाठ १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात नेहमी एक अगदी चिमुकलं गुणसूत्र दिसलं. ते लहान का, हे मात्र तेरा वर्षं कळलं नाही. १९७३ मध्ये राउलीबाईंनी दाखवून दिलं की २२ नंबरचा हरवलेला तुकडा कुठे नाहीसा झालेला नाही, तो ९ नंबरच्या टोकाला जाऊन बसला आहे. या अदलाबदलीतून जे विचित्र प्रथिन तयार होतं, नेमकं त्यालाच अडवणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये आलं. मुलांच्या ल्युकेमियात ही ९-२२ ची अदलाबदल शंभरात तीन ते पाच जणांतच असते. पूर्वी अशा मुलांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणावाचून फारशी आशा नसायची. केमोच्या जोडीला ही गोळी आल्यापासून त्यांतली कितीतरी प्रत्यारोपणाशिवाय बरी होतात. पण गोळी देण्याआधी ती अदलाबदल कुणीतरी पाहिलेली असावी लागते.

मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. डॉक्टर आणि पालक दोघेही त्याला 'ऑल' म्हणतात. १९८० च्या दशकात मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या केंद्रांनी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटबरोबर बसवलेला एमसीपी-८४१ हा उपचारक्रम सगळ्या मुलांना एकसारखा दिला जाई. त्याने आपल्याकडच्या असंख्य मुलांचे प्राण वाचवले. पुढे उपचार मुलागणिक मोजून द्यायला सुरुवात झाली. भारतातल्या केंद्रांनी मिळून आखलेल्या आयसिकल अभ्यासात वय, पांढऱ्या पेशींचा आकडा आणि पहिल्या औषधांना मिळालेला प्रतिसाद यांच्या जोडीने गुणसूत्रंही बघून मुलाचा धोका ठरवतात. मुलाला हवं त्याहून कमी औषध दिलं तर आजार परततो. जास्त दिलं तर जंतुसंसर्गाने ते दगावू शकतं, आणि वाचलं तरी हृदयाला, हाडांना, वाढीला इजा राहू शकते. आमचा आकडा या दोन्हींच्या मध्ये उभा असतो.

काही आकडे आनंदाचे असतात. पेशीत ५१ ते ६५ गुणसूत्रं असतील तर तो बहुधा औषधाला छान दाद देणारा प्रकार. मुलांच्या 'ऑल'मध्ये तो वारंवार भेटतो. त्यात बहुधा ४, ६, १०, १४, १७, १८, २१ आणि एक्स यांच्या जादा प्रती असतात. १२ आणि २१ यांची अदलाबदलही अशीच शुभ, पण ती आमच्या पट्ट्यांत दिसत नाही. दोन्ही तुकडे टोकाचे आणि रंगाने सारखे, काठ बदलला तरी कळू नये असे. तिचा शोध १९९४-९५ च्या सुमारास लागला, आणि ती पाहायला आम्ही फिश ही तपासणी करतो. एका जनुकाला हिरवा आणि दुसऱ्याला नारिंगी चकाकणारा रंग लावायचा. दोन रंग एकत्र येऊन पिवळा ठिपका दिसला की अदलाबदल झालेली आहे. उलट वर्षाच्या आतल्या बाळात ११ नंबरच्या एका ठराविक जागी तुटलेलं दिसलं की आमच्या खोलीत कुणी बोलत नाही. आणि गुणसूत्रं ४४ हून कमी असतील तर तोही काळजीचा आकडा.

आता मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे.

नमुना मराठवाड्यातून आला होता. मुलगी तिथल्याच रुग्णालयात दाखल होती आणि तिचे वडील रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने नळी घेऊन आले होते. आमच्याकडे नमुने कुरियरनेही येतात, पण पुष्कळदा नातेवाईकच आणतात. त्यांच्या हातात थर्माकोलचा डबा होता. तो काउंटरवर ठेवताना म्हणाले, "ताई, रात्रभर आडवा होऊ दिला नाही. मांडीवरच घेऊन बसलो." मी डबा उघडला. जेलच्या थंड पिशव्या होत्या आणि नळी त्यांना थेट चिकटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेली होती. ज्यांनी नमुना बांधून दिला त्यांना कामाची जाण होती. प्रवासात थोड्या पेशी मेल्या होत्या, पण पुरतील इतक्या जिवंत होत्या.

दुसऱ्या दिवशी काचपट्ट्या तयार झाल्या. प्लेटा थोड्याच होत्या. काही स्वच्छ, ४६ गुणसूत्रांच्या. मॅडमच्या भाषेत पोरीच्या स्वतःच्या. उरलेल्या फुगीर, धूसर. त्यातली एक मोजली, ५६. दुसरी मोजली, ५६. माझ्यासोबत बसलेल्या मुलीने सुटकेचा श्वास घेतला, आणि का घेतला ते मला समजलं. ५६ हा चांगला आकडा. सौम्य गटात जाईल पोर.

पण ५६ वर दोन वाटांनी येता येतं. पहिली वाट अशी : ४६ वर दहा गुणसूत्रं वाढतात. एक्स, ४, ६, ८, १०, १४, १७ आणि १८ यांची प्रत्येकी एकेक प्रत जादा, आणि २१ च्या दोन. म्हणजे बहुतेक वाढलेली गुणसूत्रं तीन-तीन दिसणार. हीच ती औषधाला दाद देणारी पेशी. दुसरी वाट फसवी. पेशी आधी आपली जवळजवळ निम्मी गुणसूत्रं गमावते. प्रत्येक जोडीतलं एकच उरतं. फक्त एक्स, १०, १४, १८, २१ अशा काहींच्या जोड्या टिकतात. २३ आणि ५, झाली २८. अशी पेशी मग दुभंगता दुभंगता राहून जाते आणि तिची गुणसूत्रं दुप्पट होतात. २८ दुणे ५६. आकडा तोच, पण आजार अत्यंत हट्टी, सौम्य औषधाने परत येणारा. या दुसऱ्या वाटेने आलेल्या पेशीत तीन-तीन प्रती नसतात. एक तर दोन असतात, नाही तर चार.

मी जोड्या लावायला घेतल्या. गुणसूत्रं इतकी आखूड होती की ४ नंबर आणि ५ नंबर वेगळे करताना डोळ्यांना ताण पडत होता. ४ च्या दोनच प्रती. ६ च्या दोन. १७ च्या दोन. १० च्या चार. १४ च्या चार. २१ च्या चार, पण २१ पहिल्या वाटेनेही चार होतात, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. १८ च्या चार. तीन असलेलं एकही गुणसूत्र मला सापडेना. दुसरी प्लेट लावली, तेच चित्र. मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत, पण त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत होतं : मूळची पेशी शोधा.

काचपट्टीवर पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मोठ्या फुगीर प्लेटा सोडून आता लहान प्लेटा शोधायच्या होत्या, ज्यांना एरवी आपण तुटकी, निसटलेली पेशी समजून ओलांडून जातो. एक मिळाली. मोजली तर २८. एका पेशीवर विसंबून चालत नाही, कारण ती खरोखरच तुटलेली असू शकते. आणखी शोधलं. दुसरी मिळाली, तिसरी मिळाली. तिन्हींत तीच गुणसूत्रं जोडीने आणि बाकी सगळी एकेकटी. पेशी तुटली असती तर कुठलीही गुणसूत्रं गेली असती. तिन्ही वेळा नेमकी तीच उरली नसती.

तरी फिशने पडताळून घेतलं. ४, १० आणि १७ या तिघांच्या मध्यबिंदूंना रंग लावून २०० केंद्रकं मोजली. फिशमध्ये पेशी दुभंगत असण्याची गरज नसते, त्यामुळे पुष्कळ पेशी बघायला मिळतात. पहिल्या वाटेची पेशी असती तर ३, ३, ३ असे ठिपके दिसले असते. इथे निरोगी पेशींत २, २, २ होते. काही पेशींत २, ४, २. आणि काहींत १, २, १. हे शेवटचे १, २, १ म्हणजेच ती २८ गुणसूत्रांची मूळ पेशी. फ्लो सायटोमेट्रीतही डीएनएच्या मोजणीत दोन वेगळी शिखरं आली होती, एक कमी डीएनएचं आणि एक जास्त. आता शंका उरली नव्हती. मी डॉक्टरांना फोन लावला. छापील रिपोर्टची वाट पाहू नका म्हटलं. मुलीला मुंबईला हलवायचं ठरलं आणि तिचे उपचार सगळ्यांत कडक गटातले सुरू झाले.

रिपोर्टचा कागद न्यायला वडील पुन्हा आले. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनीच सांगायचा हा आमचा नियम आहे आणि तो योग्य आहे. त्यांनीही आजाराबद्दल काही विचारलं नाही. पाकीट हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, एकच विचारतो. गुणसूत्राचा दोष निघाला म्हणले डॉक्टर. गावाकडं म्हणायलेत, हे आईकडून आलंय. हिच्या माहेरी कुणाला तरी गाठ होती म्हणे. हिला माहेरी धाडा म्हणायलेत. खरं काय ते सांगा."

हा प्रश्न मला नवा नव्हता. 'गुणसूत्र' हा शब्द रिपोर्टवर दिसला की घरोघरी खानदानाचा शोध सुरू होतो, आणि तो जवळजवळ दर वेळी बाईपाशी येऊन थांबतो. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि संगणकावर त्यांच्या मुलीच्याच दोन प्लेटा शेजारी शेजारी लावल्या.

"ही बघा. ह्यात शेहेचाळीस आहेत, तुमच्या-माझ्यात असतात तितकीच. ही तिची स्वतःची पेशी, आईबापाकडून आलेली. ह्यात काही खोट नाही. आणि ही दुसरी, आजाराची. दोन्ही एकाच नळीतल्या, तुम्ही रात्रभर मांडीवर धरलेल्या. आईकडून आलं असतं तर दोन्हींत सारखं दिसलं असतं ना, दादा?"

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे फोनात काढून घेऊ द्याल का? तिथं दाखवतो." नियमाने मला तसं करता येत नव्हतं. मी त्यांना आमच्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले आणि त्यांनी त्याच दिवशी मुलीच्या आजोबांशी फोनवर बोलून सगळं पुन्हा सांगितलं.

त्या वडिलांना जे सांगितलं ते इथे जरा विस्ताराने लिहिते. कर्करोगाच्या पेशीतला गुणसूत्रांचा बिघाड हा त्या पेशीचा असतो, मुलाचा नव्हे. अस्थिमज्जेत रोज असंख्य पेशी दुभंगतात. त्यातल्या एकीत वाटणी चुकते आणि तिच्या लेकी-नातींत ती चूक उतरत जाते. औषधाने त्या पेशी मेल्या की पुढच्या तपासणीत त्याच मुलाची गुणसूत्रं पुन्हा ४६ दिसतात. वारसा असता तर तो असा पुसला गेला नसता.

काही चुका तर जन्माआधीच होतात, आणि तरीही त्या आईकडून आलेल्या नसतात. इंग्लंडमध्ये मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या जन्माच्या वेळी टाचेतून घेतलेल्या रक्ताचे जपून ठेवलेले वाळके ठिपके तपासले. त्यांतल्या काहींत १२-२१ ची अदलाबदल तेव्हापासूनच होती. ती बाळ पोटात असताना बाळाच्या स्वतःच्या रक्तपेशीत झाली होती. शिवाय अशी अदलाबदल असलेल्या नवजात बाळांपैकी बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. त्याला पुढे आणखी बिघाड व्हावे लागतात. तेव्हा गरोदरपणात पपई खाल्ली, ग्रहण पाळलं नाही, अमुक तमुक केलं, हे मनातून काढून टाकावं. तसा काहीही संबंध नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते लपवले तर वरचं सगळं पोकळ ठरेल. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात सुमारे ४० टक्के मुलांमध्ये १३ नंबरवरच्या एका जनुकाचा दोष शरीराच्या सगळ्या पेशींत असतो, आणि तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये याच आजारावरून दाखवलं की जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच गाठ होते. काही मुलं एक बिघडलेली प्रत जन्मतः घेऊन येतात. ल्युकेमियात ३२ ते ३९ गुणसूत्रं असलेल्या पेशी दिसल्या तर टीपी५३ नावाचं जनुक बिघडलेलं असतं, आणि जवळपास निम्म्या मुलांत हा बिघाड जन्मजात निघतो. तिथे आम्ही घरच्यांची तपासणी करून घ्यायला सांगतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत २१ नंबर सर्व पेशींत तीन असतो आणि त्यांना ल्युकेमियाचा धोका इतरांहून कितीतरी पट जास्त असतो, तरी त्यातल्या बहुतेकांना तो होत नाही. असा वारसा निघाला तर भावंडांची वेळेवर तपासणी करता येते, हा त्याचा उपयोग. त्यात कुणाचा अपराध नाही.

त्या मुलीचे उपचार फार जड गेले. मधे न्यूमोनियाने ती आयसीयूत होती. आता तिची केमो संपली आहे आणि ती फॉलोअपला येते. या गटातली सगळी मुलं अशी येत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून तिच्याकडे बघून मी गाफील होत नाही.

आमच्या हातात नसलेली एक गोष्ट मला दर महिन्याला टोचते. कुठेतरी ताप उतरावा, गाठी बसाव्यात म्हणून मुलाला आधी स्टेरॉइड दिलं जातं आणि मज्जा नंतर काढली जाते. स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी चटकन मरतात. मुलाला दोन दिवस बरं वाटतं, आणि आमच्या काचपट्टीवर एकही कुरूप प्लेट येत नाही. आजार गेलेला नसतो, फक्त त्याचा चेहरा पुसला जातो. मग तो कोणत्या वाटेने आला ते कायमचं कळेनासं होतं. असाच एक नमुना गेल्या पावसाळ्यात आला. सगळ्या पेशी नॉर्मल. रिपोर्टवर आम्ही जे दिसलं ते लिहिलं, खाली स्टेरॉइडची नोंद केली, आणि फोन करून डॉक्टरांना म्हटलं की या 'नॉर्मल'वर विसंबू नका. याहून जास्त काही करता येत नाही.

म्हणून गावोगावच्या डॉक्टरांना विनंती आहे : मुलाच्या रक्तात संशयास्पद पेशी दिसल्या, सूज आली, गाठी आल्या, तर जीव धोक्यात नसेल तिथे स्टेरॉइडच्या आधी मज्जा काढू द्या. हिरव्या नळीत द्या, गोठवू नका, आणि शक्यतो त्याच दिवशी रवाना करा. आईवडिलांना विनंती आहे : गुणसूत्रांचा रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलमध्ये जपून ठेवा. आजार परतला, शहर बदललं, डॉक्टर बदलले, तरी पहिल्या दिवशीचा तो कागद पुन्हा तयार करता येत नाही.

आणि घरातल्या थोरामोठ्यांना सांगायचं ते असं. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढा काळ मुलाला पाणी उकळून द्यायला, तोंड आलं असताना भात मऊ करून भरवायला, रात्री ताप मोजायला आई लागते. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं असा पुरावा आमच्या रिपोर्टमध्ये नसतो. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटून सरळ विचारावं. खरं उत्तर मिळेल, आणि बहुतेक घरांत ते उत्तर आईला घरातच ठेवणारं असेल.